पत्रा, वाळू आणि वस्त्रगाळ रांगोळी : माझा अनुभव

चित्रकलेच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षासाठी मी ‘गती आणि कंपन’ हा विषय निवडला, तेव्हा मी तो कॅनव्हासवरच रंगवणार आहे अशी सरांची आणि खरे तर माझीही समजूत होती. पहिले दोन महिने मी तेच केले. नाशिकच्या विसर्जन मिरवणुकीत केलेली रेखाटने समोर ठेवून मी ढोल वाजवणाऱ्यांचे हात एकावर एक पाच-सहा वेळा काढत होते. ही वाट जुनीच होती. जाकोमो बाला या इटालियन चित्रकाराने 1912 साली चालत्या कुत्र्याचे पाय असेच अनेक वेळा रंगवले होते, आणि त्याच सुमारास त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके कथापटाकडे वळण्यापूर्वी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी करून कॅमेऱ्यात टिपत होते. माझ्या चित्रांतले हात हलताना दिसत होते, यात शंका नाही; पण ढोल जवळून गेल्यावर छातीच्या पिंजऱ्यात जे थरथरते, त्याचा मागमूसही त्या चित्रांत नव्हता.

ती थरथर मी एकदा डोळ्यांनी पाहिलेली होती. आदल्या वर्षी गल्लीतला गणपती दारासमोर थांबला असता औक्षणाचे ताट माझ्या हातात होते आणि पथक अगदी तीन-चार हातांवर वाजवत होते. ताट पातळ पितळेचे होते. कुंकवाच्या कोयरीतून सांडलेले चिमूटभर कुंकू ताटात पसरले होते आणि टिपरू ढोलाच्या पानावर, म्हणजे कातड्यावर, पडले की ते कण जागच्या जागी उडत, सरकत आणि ताटाच्या एका भागातून नाहीसे होऊन दुसऱ्या भागात गोळा होत. आई मागून ‘अगं, ओवाळ ना’ म्हणत होती, आणि मी मात्र ताटाकडेच पाहत उभी होते. दोन महिन्यांची रेखाटने बाजूला सारताना मला ते ताट आठवले आणि काय करायचे आहे ते उमगले.

हा प्रकार नवा नाही, हे ग्रंथालयात बसल्यावर कळले. रॉबर्ट हूक यांनी 1680 साली काचेच्या पत्र्यावर पीठ भुरभुरवून कडेवरून व्हायोलिनचा गज फिरवला होता, आणि पिठाच्या आकृत्या उमटल्या होत्या. अर्न्स्ट क्लाडनी या जर्मन संशोधकाने 1787 साली अशा आकृत्यांवर पुस्तकच प्रसिद्ध केले आणि 1809 साली नेपोलियनसमोर त्यांचे प्रात्यक्षिक दाखवले. या आकृत्यांचे गणित मांडण्यासाठी पॅरिसमध्ये पारितोषिक जाहीर झाले आणि ते 1816 साली सोफी जेर्में यांनी मिळवले. आपल्याकडे सी. व्ही. रामन यांनीही मृदंगाच्या कातड्यावर बारीक वाळू टाकून त्याची कंपने अभ्यासली होती. कला शाखेच्या मुलीला भौतिकशास्त्राची पुस्तके कशाला हवीत, असे ग्रंथपालांना वाटले असावे. पण त्यांनी ती शोधून दिली.

मी पहिला प्रयोग ढोलावरच केला आणि तो पूर्ण फसला. ओळखीच्या पथकाने उत्सवानंतर एक ढोल वापरायला दिला होता. तो उभा ठेवून वरच्या पानावर वाळू पसरली आणि मैत्रिणीने खालच्या पानावर टिपरू मारले, की वाळू सरळ जमिनीवर उडून जाई. याचे कारण मला पुष्कळ उशिरा समजले. ठोक्यातून एकाच वेळी अनेक कंपने उठतात आणि लगेच विरतात, त्यामुळे कणांना एका आकृतीत स्थिरावण्याइतका अवधीच मिळत नाही. आकृती हवी असेल तर एकच स्वर सलग धरून ठेवावा लागतो.

मग मी पत्र्याकडे वळले. तांबट गल्लीतल्या एका काकांकडून पितळेचा चौरस तुकडा घेतला. त्यावर त्यांनी हौसेने मठारकाम केलेले होते, आणि त्या ठोक्यांच्या खुणा मला फार आवडल्या म्हणूनच मी तो निवडला होता. मधोमध भोक पाडून तो स्पीकरवर बसवला, मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून स्वर सुरू केला, तर आकृती एका बाजूला झुकलेली, तुटक, जणू कोणी पुसून टाकल्यासारखी उमटली. मी पत्रा परत घेऊन गेले. काकांनी तो दोन बोटांत लोंबकळता धरून टिचकी मारली आणि कान जवळ नेला. “बद्द वाजत नाही, म्हणजे चीर नाही,” ते म्हणाले. “पण मठारताना कुठे जास्त दाबला गेला, कुठे कमी. भांड्याला ते चालतं. तुला सगळीकडे सारखा पाहिजे.” त्यांनी मला कारखान्यातून आलेला, हातोडी न लागलेला दोन मिलिमीटर जाडीचा पत्रा दिला. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये तो 24 सेंटिमीटरच्या चौरसात कापून घेतला, आणि त्या दिवसापासून आकृत्या सरळ बसू लागल्या.

मात्र खरा पेच रांगोळीने टाकला. वाळूऐवजी रांगोळी वापरावी, म्हणजे काम आपल्या मातीतले वाटेल, असे मला मनापासून वाटत होते. आजीने पांढरी रांगोळी मलमलीतून वस्त्रगाळ करून दिली. ती पत्र्यावर भुरभुरवून स्वर लावला, तेव्हा वाळू जिथे रेषा धरायची तिथे काहीच उरले नाही, आणि रेषांच्या मधल्या जागेत पिठाच्या लहान लहान ढिगाऱ्या घुमू लागल्या. मी स्वर बदलून पाहिला, पत्रा पुसून पाहिला, दिवस पावसाळ्याचे होते म्हणून रांगोळी तव्यावर कोरडीही करून घेतली. त्याने ती मोकळी झाली खरी, पण पुन्हा उलट्याच जागी जाऊन बसली. जवळजवळ दोन आठवडे मी माझ्याच हातात काही दोष आहे असे धरून चालले होते.

उत्तर मिळाले ते मायकेल फॅरडे यांच्या 1831 सालच्या कामात. पत्रा कंप पावतो तेव्हा त्याचे काही भाग वरखाली होतात आणि काही रेषा जागच्या हलत नाहीत. जड कण उडत उडत त्या न हलणाऱ्या रेषांवर येऊन पडतात, कारण तिथे त्यांना उडवणारे कोणी नसते. परंतु हलणाऱ्या भागाजवळची हवाही लहान लहान प्रवाहांत फिरू लागते, आणि पुरेसा हलका कण त्या हवेबरोबर ओढला जाऊन सर्वांत जास्त हलणाऱ्या जागी जमतो. फॅरडे यांनी हवा काढून घेऊन पाहिले, तेव्हा बारीक भुकटीही वाळूसारखीच वागली. हे वाचून झाल्यावर मी बराच वेळ नुसती बसून राहिले. वर्षभर मी ‘कंपनाचे चित्र’ म्हणून ज्या सुंदर रेषा जपत होते, त्या नेमक्या पत्र्याच्या न हलणाऱ्या जागा होत्या, आणि कंपन कुठे आहे ते आजीची रांगोळी दाखवत होती, जिला मी दोष देत होते.

त्यानंतर काम बदलले. घराच्या बांधकामातून उरलेली काळसर वाळू मी धुऊन, वाळवून, चाळून घेतली आणि एका पत्र्यावर दोन्ही एकत्र भुरभुरवले. स्वर लागल्यावर पाच-सहा सेकंद सगळे राखाडी उकळल्यासारखे दिसते, आणि मग काळे आणि पांढरे वेगळे होते : वाळू रेषांवर, रांगोळी रेषांच्या मध्ये. एकाच क्षणाची ही दोन चित्रे एकमेकांना कुठेही न झाकता शेजारी शेजारी उमटतात. ते पाहताना मला आजही भरून येते.

स्पीकर मात्र मी सोडून दिला. एक हजार हर्ट्झच्या पुढे आकृती दाट आणि देखणी होते, पण तो सलग स्वर कानात कापूस घालूनही सोसवत नाही, शेजाऱ्यांची तक्रार येते ते निराळेच. आणि मुख्य म्हणजे चित्र हातात राहत नाही, मोबाइलवरच्या आकड्यात जाते. मी व्हायोलिनचा जुना गज मिळवला, त्याला राळ लावली आणि पत्रा मधोमध घट्ट आवळून कडेवरून गज ओढू लागले. कडेच्या मध्यावर बोट टेकवून कोपऱ्याजवळ गज ओढला तर अधिकाचे चिन्ह उमटते. कोपऱ्यावर बोट ठेवून कडेच्या मध्यावर ओढला तर दोन कर्ण उमटतात. बोट थोडे सरकले तरी आकृती वेगळी होते. हे माझ्या लेखी रेखाटनच आहे, फक्त बोट जिथे टेकते तिथे रेषा निघत नाही, ती सगळ्या पत्र्यावर निघते. मोठ्या आकाराचा मोह मी आवरला, कारण बाजू दुप्पट केली की तोच स्वर चौपट खाली उतरतो आणि गजाला तो धरता येत नाही.

आकृती कागदावर उतरवण्यासाठी फेविकॉल पाण्यात पातळ करून तो करड्या कागदावर हाताने पसरावा लागे आणि कागद वरून एकदाच, न सरकवता ठेवावा लागे. पंखा बंद, दार बंद, श्वासही बेताने. साठ-सत्तर ठशांतले अकरा मला पसंत पडले.

परीक्षणाच्या दिवशी एका परीक्षकांनी विचारले, की यात तुमचे काय आहे, हे तर पत्र्याने काढले. मी उत्तर तोंडी दिले नाही. त्यांना पत्र्याच्या कडेवर बोट ठेवायला सांगितले आणि गज ओढला. गुण बेताचेच मिळाले, पण प्रदर्शनाला जागा मिळाली.

शेवटच्या दिवशी तांबटकाका आले. त्यांनी ठसे भराभर पाहिले आणि टेबलावरच्या पत्र्यापाशी थांबले. मी न सांगताच त्यांनी कडेवर बोट टेकवले. मी गज ओढला, वाळू धावली, रांगोळी मधे सरली. ते वाकून, चष्मा वर करून पाहत राहिले. मग त्यांनी बोट अंगुळभर पुढे नेले.

“आता परत ओढ बरं, पोरी.”