जमीन कोण कसतं?

झोप येत नाहीये. लार्झाकच्या पठारावर वारा सुटलाय, हे मागे गाढ झोपलेत. गाडी मेंढवाड्यामागच्या खडीवर लावलीय. इकडे फ्रान्समध्ये शेतकरी मोटरहोमवाल्यांना अशी एका रात्रीची जागा फुकट देतात. पाणी-संडास आपापल्या गाडीतलं. आल्यावर भेटायचं आणि जाताना सांगून जायचं, एवढीच अपेक्षा.

संध्याकाळी धारा काढताना इथल्या शेतकरी आजोबांनी आत बोलावलं. लाकोन जातीच्या मेंढ्या, डोक्यावर आणि पोटावर लोकर जवळजवळ नाहीच. तोंडं खाद्यात घालून ओळीत उभ्या, मागून एकेकीच्या सडांना यंत्राचे दोन-दोन पेले लागत होते. हे दूध रोकफोर चीजला जातं. कुठल्या तुम्ही, विचारलं. वर्ध्याच्या, म्हटलं, तर हात पुसत थांबलेच. "शांतिदास!"

शांतिदास म्हणजे लांझा देल वास्तो, इटलीत जन्मलेले गांधीवादी. वर्ध्याला गांधीजींजवळ राहिलेले, शांतिदास हे नावही गांधीजींनीच दिलेलं. लष्कराचा इथला तळ ३,००० हेक्टरांवरून १७,००० वर न्यायचं ठरलं, तेव्हा १९७२ मध्ये त्यांनी इथल्या ला काव्हालरी गावात पंधरा दिवस उपास केला. त्याच सुमारास १०३ शेतकऱ्यांनी जमीन न सोडण्याची शपथ घेतली. १९८१ मध्ये बेत रद्द झाला. माझ्या गावाचं नाव इतक्या लांब कुणाच्या ओळखीचं निघावं! डोळे भरून आले.

आणि मग त्यांनी विचारलं, "तुमची जमीन कोण कसतं?"

साधा प्रश्न. मी म्हटलं, मक्त्याने दिलीय. तो कोण, किती वर्षं कसतोय, त्याची मुलं काय करतात, यातलं मला काहीच सांगता येईना. सातबाऱ्यावर माझं नाव आहे, दादाला विक्रीसाठी माझी सही हवीय, आणि मी इथे परक्याच्या रानात गाडी लावून बसलेय. माहेर म्हणजे आता फक्त एक सही? आईचं काय म्हणणं होतं ते... नको, आज नको.

कोण कसतं. पुन्हा तेच डोक्यात येतंय.

आजोबांच्या नावावर तर एक गुंठाही नाही. १९८५ पासून इथली ६,३०० हेक्टर जमीन सरकारकडून लांबच्या पट्ट्याने शेतकऱ्यांच्याच संस्थेकडे आहे. कसाल तोवर तुमच्याकडे; थांबलात की पुढच्या कसणाऱ्याकडे. विकता येत नाही, मुलांच्या नावे करता येत नाही. वाईट नाही वाटत? माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये विचारलं. ते म्हणाले, पुढे एक तरुण जोडपं येणार आहे, त्यांना मेंढ्या कळतात. बस, एवढंच बोलले आणि पुढच्या मेंढीकडे वळले.

मला शेती जमणार नाही, हे आता मान्य करायला हवं. परत जाऊन राहणंही होणार नाही. रडून काही होत नाही, आणि जमीन माझ्यावाचून अडलेलीही नाही. दर साली पिकतेच आहे. पण सही करण्याआधी दादाला सांगणार आहे: गिऱ्हाईक नंतर, आधी जो कसतोय त्याला विचार. त्याला झेपेल असा भाव लाव, हप्ते पाड, माझ्या वाट्याचं कमी आलं तरी चालेल. दादा चिडेल. चिडू दे. तिकडे सकाळ झाली की फोन करते, आणि पहिल्यांदा त्या माणसाचं नाव विचारते.