रेझिनचा सीलर एक टक्का विरघळला कसा?

मे महिना, धुळ्यात पारा 43 वर. सकाळी वजनकाट्यावर पहिली बशी ठेवली आणि हिशोब आला, सीलर 1.1 टक्का विरघळला. रूट कॅनाल भरताना गट्टापर्चाभोवती (दाताच्या नळीत भरायच्या रबरासारख्या पदार्थाभोवती) फटी बुजवायला लावायचा इपॉक्सी रेझिनचा सीलर पाण्यात इतका विरघळत नाही. अर्ध्या टक्क्याच्या आतच राहतो. अशा सीलरसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाची, आयएसओ 6876 ची, मर्यादा 3 टक्के, त्यामुळे कागदावर नमुना पासच. पण आकडा पटेना.

पद्धत तशी साधी. 20 मिमी व्यास आणि 1.5 मिमी उंचीच्या कड्यात सीलर भरायचा, 37 अंशांवर दमट पेटीत कंपनीने सांगितलेल्या सेटिंगच्या (घट्ट होण्याच्या) वेळेच्या दीडपट ठेवायचा. मग दोन चकत्या वजन करून 50 मिली पाण्यात, 37 अंशांवर, 24 तास. चकत्या काढून पाणी आटवायचं, बशी 110 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवायची. बशीचं जे वजन वाढलं तेच विरघळलेलं, असं धरतात.

आमच्या दोन चकत्या 2.6 ग्रॅम, बशीत जमा 29 मिलिग्रॅम. तळाशी पांढरं कडं होतं, माठाला बाहेरून धरतं तसं. त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक अॅसिडचा थेंब टाकला, फसफसलं. रेझिन कशाला फसफसेल? नुसत्या पाण्याची बशी आटवली तर तिच्यातही 24 मिलिग्रॅम! डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनबद्दल शिपायाला विचारलं. "डबा रिकामा व्हता सर, बोअरनं पानी भरी टाकं." खरी विद्राव्यता निघाली 0.2 टक्क्याच्या आसपास. पाचपट फुगवटा क्षारांचा. तेव्हापासून प्रत्येक खेपेला एक कोरी बशी, म्हणजे नुसत्या पाण्याची, लावतोच.

नवं पाणी आणून सगळं पुन्हा लावलं, तर झिंक ऑक्साइड आणि यूजेनॉल (लवंगेच्या तेलातला मुख्य घटक) यांच्या सीलरने उलटी गंमत केली. बशीत फारसं काही नाही, पण ओव्हनचं दार उघडताच लवंगेचा भपकारा. पाण्यामुळे या दोघांपासून बनलेलं झिंक यूजेनोलेट फुटतं, यूजेनॉल सुटतं आणि वाफेबरोबर उडून जातं. लवंगेचं तेल काढतात तेही असंच, वाफेवर. म्हणजे जे बाहेर पडलं त्यातलं बरंचसं बशी मोजतच नाही. म्हणून या सीलरच्या चकत्याही डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) सुकवून तोलाव्या लागतात, घाई न करता, कारण आत शिरलेलं पाणी राहिलं तर घट झाकली जाते.

कॅल्शियम सिलिकेटच्या सीलरला तिसरी खोड. त्यातून कॅल्शियम हायड्रॉक्साइड पाण्यात उतरतं, सुकताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतं. ते सगळं कार्बोनेट झालं तर 74 मिलिग्रॅमचे 100 होतात. या बशा आता झाकण लावून डेसिकेटरमध्ये थंड करतो.

यूजेनॉलच्या चकतीला शेवटी नखाने घासून पाहिलं. टाकताना गुळगुळीत होती. आता वरचा थर पिठासारखा नखाला आला.