तुम्ही विचारलंत म्हणून: दारात उभं राहण्याबद्दल

आमचं घर पंचवटीत. गंगा (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो) चालत दहा मिनिटांवर. त्यामुळे नातेवाईक येतात ते एक तर सिंहस्थाला, नाहीतर कुणाच्या तरी दहाव्याला. रामकुंडात अस्थी सोडून आले की ओल्या कपड्यांची पिशवी दाराबाहेर ठेवून चहाला टेकतात. सुतकबितक आमच्याकडे पाळत नाहीत. संध्याकाळी मी हरिपाठाला बसले की कुणीतरी विचारतंच, "काकू, रोज म्हणता, पण यानं खरंच मोक्ष मिळतो का हो?"

हरिपाठ तर पहिल्याच ओळीत सांगून मोकळा होतो: देवाचिये द्वारी उभा क्षणभरी, तेणें मुक्ति चारी साधियेल्या. सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता. देवाच्या गावात राहायचं, मग त्याच्या जवळ, मग त्याच्यासारखं व्हायचं आणि शेवटी त्याच्यातच विरायचं. सासूबाई या चारी बोटांवर मोजायच्या आणि करंगळीशी थांबायच्या. "ही शेवटची नको गं बाई. विरून गेल्यावर नाव कोण घेणार?" तुकोबांचंही मागणं तेच. मुक्ती नको, संपदा नको, संतांची संगत दे; मग खुशाल पुन्हा गर्भवासात घाल. नुकत्याच अस्थी सोडून आलेल्या माणसाला हे सांगताना मात्र जीभ जरा अडखळते.

माझी खरी अडचण मोक्षाची नाही, 'द्वारी' या शब्दाची आहे. भाजी आणायला जाते ती वाट काळारामाच्या दारावरून जाते. 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली याच देवळाच्या दारांशी, अस्पृश्य म्हणून बाहेर ठेवलेल्यांना आत जाता यावं म्हणून, सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे नेटानं चालवला. हजारो माणसं दारात उभी राहिली, क्षणभर नव्हे, वर्षानुवर्षं. दार उघडलं नाही. 13 ऑक्टोबर 1935 ला आमच्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही.

ज्यांनी आत घेतलं नाही, तेही हरिपाठ म्हणतच असतील. गीतेचा नववा अध्याय स्त्री-शूद्रांनाही परम गती मिळते म्हणतो. ज्ञानोबा त्यावर दृष्टान्त देतात, ओहोळ तोवरच ओहोळ, जोवर गंगेला मिळाला नाही. पण चोखोबांची समाधी पंढरपुरात देवळाच्या महाद्वाराबाहेरच आहे. भक्तीनं सगळे तरतात हे सांगायला आपल्याला कधी जड गेलं नाही. उंबरठा आला की पाय अडला. याला मी तरी ढोंगच म्हणते.

मग मी का म्हणते? सासूबाई गेल्या त्या संध्याकाळपासून म्हणते. ती अर्धी घटका घर भरल्यासारखं वाटतं, एवढंच.

मागच्या खेपेला एका भाच्यानं हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे मोक्षाचं काही नक्की नाही तर."

म्हटलं, "कोनाड्यात टाळ आहेत, घे. आणि दार लोटू नकोस, शेजारच्या आजी यायच्यात."