आठशेचं रबर

लग्नाकार्यात गाडी लावायला गेलं की कुणीतरी हमखास विचारतं, "अजून तीच का?" हो, तीच. २००५ सालची मारुती ८००. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, बारा इंची चाकं. हल्ली स्कूटरलाही बारा इंची चाक असतं, हे घरातली पोरं मुद्दाम ऐकवतात. ही गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली डिसेंबर १९८३ मध्ये आणि जानेवारी २०१४ मध्ये कारखान्याने ती बनवणं थांबवलं. नवी मिळायची नाही, तेव्हा आहे तीच सांभाळायची.

लोक जुन्या गाडीच्या इंजिनाची काळजी करतात. माझा अनुभव असा की इंजिन बिचारं मुकाट्याने काम करत असतं. म्हातारं होतं ते त्याच्या आजूबाजूचं रबर. कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे पाइप, बेल्ट, सील, सस्पेन्शनचे बुश, दरवाजांच्या पट्ट्या. शे-दोनशे रुपयांचा पाइप तडकतो, कूलंट गळतं, तापमानाचा काटा वर चढतो. "घर आलंच की" म्हणून माणूस रेटत राहतो आणि इंजिनाच्या वरचा भाग, म्हणजे ॲल्युमिनियमचं हेड, तापून वाकतं. मग गावभर सांगायचं, इंजिनाचं काम निघालं! काम पाइपाचंच होतं. दर सर्व्हिसिंगला बोनेट उघडून तो पाइप दाबून पाहिला, कडक किंवा भुसभुशीत लागला तर बदलला, की झालं. त्यात कूलंटऐवजी बोअरवेलचं पाणी ओतणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

इंजिनाच्या झडपांची उघडझाप वेळेवर ठेवणारा टायमिंग बेल्ट साधारण लाखभर किलोमीटरला बदलतात. पण आमची गाडी बाजार, बँक आणि स्टेशन एवढीच फिरणार. तिचे लाख किलोमीटर व्हायला जन्म जायचा. रबर मात्र उभ्या गाडीतही वाळत असतं. टायरची नक्षी छान शाबूत दिसते आणि बाजूच्या भिंतीला बारीक भेगा गेलेल्या असतात. टायरवर लंबगोलात चार आकडे असतात: ३२१८ असेल तर टायर २०१८ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला. जुनी गाडी घ्यायला आलेले लोक हॉर्न वाजवतात, एसी लावून बघतात, दरवाजा आपटतात. हे चार आकडे वाचणारा क्वचितच भेटतो.

इंजिन ऑइलचंही तसंच. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापतच नाही, ओल आणि पेट्रोल ऑइलमध्ये मुरत जातं. म्हणून कमी फिरलेल्या गाडीचंही ऑइल वर्षातून एकदा बदलायचं. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं आणि मग लवकर उकळतं. चिपळूण बाजारात ते कळणार नाही. कुंभार्ली घाट उतरताना सारखा ब्रेक दाबत आलात की ऑइलमध्ये बुडबुडे होतात आणि पेडल आत जातं. आमचे मेकॅनिक दर दोन वर्षांनी ते काढून नवं भरतात. "काका, घाटात मला फोन करून उपयोग नाही," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

कोकणात मात्र या सगळ्याच्या वर पाऊस. दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी जायला छोटी भोकं असतात. चिखलाने ती बुजली की पाणी आतच साचतं आणि पत्रा आतून कुजतो. बाहेर रंगाला फोड येईपर्यंत वेळ गेलेली असते. त्यामुळे जूनच्या आधी खराट्याची काडी घेऊन भोकं मोकळी करणं हा माझा वार्षिक उद्योग. पायाखालचे मॅट उचलून हात लावून पाहायचा, ओलं लागलं तर उन्हात टाकायचे. यात कौशल्य शून्य, फक्त खाली बसता आलं पाहिजे. अर्थात काळजी घेतली म्हणजे सगळं वाचतं असंही नाही. जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कितीतरी उत्तम राखलेल्या गाड्या बुडाल्या. आमची चढावर उभी होती, म्हणून राहिली.

पंधरा वर्षं झाली तेव्हा पुन्हा पासिंग झालं, पर्यावरण कर भरला, पाच वर्षं मिळाली. पुढच्या पासिंगलाही पास झाली. आता नवा विषय आहे पेट्रोलमधल्या वीस टक्के इथेनॉलचा, म्हणजे उसापासूनही बनणाऱ्या अल्कोहोलचा. घाटावरचा ऊस असा टाकीत येऊन पोचेल असं ही गाडी घेताना कुणाच्या मनात होतं? त्या काळचे पेट्रोलचे पाइप एवढ्या इथेनॉलसाठी बनवलेले नाहीत. ते फुगतात, मऊ पडतात, आणि पेट्रोलची गळती म्हणजे चेष्टा नव्हे. तेव्हा टाकीपासून इंजिनापर्यंतचे सगळे रबरी पाइप बदलून घेतले, इथेनॉल चालेल असे बघून. फिल्टरही नवा टाकला. राहता राहिली डाव्या दरवाजाची पट्टी. ती चिपळुणात मिळेना. कराडच्या एका दुकानदाराने "बघून ठेवतो" म्हटलंय, तर या रविवारी घाट चढून जायचं आहे. गाडी घेऊनच.