दुपारचं काय करायचं?

सिसिलीला जायचं म्हटलं की ऐकणारा आधी एटनाचा ज्वालामुखी म्हणतो. मग ताओर्मिना, मग सिराकुझा, मग अग्रिजेन्तोची ग्रीक देवळं. सांगणाऱ्याच्या उत्साहात अंतरं पार विरघळून जातात. इटलीचं हे बेट भूमध्य समुद्रातलं सगळ्यात मोठं. क्षेत्रफळ २५,००० चौरस किलोमीटरच्या वर. आपला पालघर ते सिंधुदुर्ग असा सबंध कोकण विभाग त्याहून थोडाच मोठा. तो एका लांबवलेल्या शनिवार-रविवारात 'करून येतो' असं कोणी म्हणालं, तर आपण त्याला आधी खुर्ची देऊन पाणी विचारू.

तेव्हा बेत आखायला बसल्यावर पहिलं काम खोडण्याचं. विमान उतरणार पालेर्मोला, सिसिलीच्या राजधानीत; तिथून कातानियाला रेल्वेनं जायला तीनेक तास लागतात आणि एटना त्याच्याही पुढे, एटना गेला. सिराकुझा आणखी लांब, तेही गेलं. अग्रिजेन्तोवर हात जरा थरथरला, पण गेलं. उरलं एकटं पालेर्मो आणि त्याच्या हाताशी असलेला समुद्र. म्युनिकहून दोन तासांचं विमान, बरोबर सांगलीहून उन्हाळ्यासाठी आलेली आई. आईचा शेंगेन व्हिसा जर्मनीचा असला तरी इटलीत चालतो, आणि त्याच्यासाठी काढलेला किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमाही तिथे लागू असतो. एवढं कळल्यावर तिनं विचारलं, "मग आता अडलंय कुठे?"

अडलं होतं वाटणीवर. नवऱ्यानं एक्सेलमध्ये तक्ता केला होता. शहराचे दिवस पिवळे, समुद्राचे निळे. मी पिवळ्याच्या बाजूची. मला कॅथेड्रलं, बाजार आणि गल्ल्या हव्यात. वाळूत अर्धा तास बसलं की मला घरची कामं आठवायला लागतात. नवरा मालवणचा, त्याला पाणी दिसलं की कपडे भिजवल्याशिवाय चैन पडत नाही. एका सहलीत दोघांचं भागवायचं म्हणजे वाटाघाटी आल्याच. तू मला मोनरेआलेचं कॅथेड्रल दिलंस तर मी तुला चेफालूचा समुद्र देते, असल्या.

तारखेवर मात्र एकमत लवकर झालं. मे महिन्यात सिसिलीत ऊन असतं, पण समुद्राला ते अजून कळलेलं नसतं. पाणी चांगलंच गार लागतं. ऑगस्टमध्ये पाणी छान, पण १५ ऑगस्टला इटलीत फेर्रागोस्तोची सुट्टी असते आणि त्या आगेमागे अख्खा देश समुद्रावर लोटतो. उरला सप्टेंबरचा पहिला आठवडा. उन्हाळाभर तापलेलं पाणी कोमट असतं आणि गर्दी ओसरायला लागलेली असते. यंदा गणपती सप्टेंबरच्या मध्यावर आहेत, त्यामुळे परत येऊन मोदकांची तयारीही जमते. हा मुद्दा तक्त्यात नव्हता, पण निर्णायक ठरला.

मग मी वेळा बघायला लागले. जायच्या ठिकाणांची दारं कधी उघडतात, कधी मिटतात, हे वाचणं कंटाळवाणं वाटतं खरं, पण शहराचा स्वभाव त्यात जितका कळतो तितका रंगीत फोटोंत कळत नाही. पालेर्मोतली कितीतरी चर्च सकाळी उघडतात, दुपारी बंद होतात आणि चारच्या पुढे पुन्हा उघडतात. लहान दुकानांचंही तेच. बाल्लारोचा बाजार, जिथे दुधी भोपळ्याच्या नातलगाची हातभर लांबीची फळं आणि मीठ लावलेले मासे शेजारीशेजारी मांडलेले असतात, तो सकाळी खरा भरात. रात्रीचं जेवण साडेआठ-नऊच्या आधी कोणी मनावर घेत नाही. म्हणजे या गावाला सकाळ आहे, संध्याकाळ आहे, रात्र तर फारच आहे. दुपार मात्र त्यांनी बाजूला काढून ठेवली आहे.

आणि ती कुठे जाते, हे नकाशात दिसत होतं. शहराच्या उत्तरेला, साधारण दहा-अकरा किलोमीटरवर मोन्देल्लो. ८०६ नंबरची सिटी बस फाव्होरिता नावाच्या प्रचंड बागेतून थेट वाळूपर्यंत नेते. पालेर्मोची माणसं समुद्रासाठी वेगळी सहल काढत नाहीत, बस पकडतात. त्यांच्यासाठी शहर आणि समुद्र ही दोन ठिकाणं नाहीतच, एकाच दिवसाचे दोन प्रहर आहेत. आम्ही तक्त्यात उभे रंग भरत होतो, ते आडवे भरायला हवे होते. सकाळ पिवळी, दुपार निळी, संध्याकाळ पुन्हा पिवळी. सगळे दिवस सारखे. नवऱ्याला रोज पाणी, मला रोज शहर, आणि वाटाघाटींचा विषयच संपला. (वाटाघाटी संपल्याचं त्याला थोडं वाईट वाटलं असावं. त्यात तो जिंकत होता.)

मोन्देल्लोबद्दल जितकं वाचावं तितकं ते आवडत जातं. पेल्लेग्रिनो आणि गाल्लो या दोन डोंगरांच्या मधे दीडेक किलोमीटरची पांढरी वाळू. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथे दलदल होती. ती उपसून, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेल्जियन भांडवलाच्या एका कंपनीनं हे सागरस्नानाचं गाव वसवलं. १९१३ साली पाण्यातच खांब रोवून बांधलेली पिवळसर, वेलबुट्टीची स्नानगृहाची इमारत अजून तशीच उभी आहे. समुद्रात उतरायच्या आधी कपडे बदलायला म्हणून माणसानं एवढा राजवाडा बांधावा, हे मला फार मनापासून पटलं.

आईला पटलं नाही ते वाळूचं भाडं. इटलीतल्या किनाऱ्यांवर लिडो असतात: रांगेनं लावलेल्या छत्र्या, प्रत्येक छत्रीखाली दोन आरामखुर्च्या, आणि त्यांचं दिवसाचं भाडं. पुढच्या रांगेचं बरेचदा जास्त. किनारा सरकारच्याच मालकीचा असतो, लिडोवाले फक्त ठेका घेतात. पाण्यालगतची पट्टी सगळ्यांना मोकळी ठेवावी लागते आणि अधूनमधून फुकटचा, सार्वजनिक तुकडाही असतो. मी हे समजावून सांगितलं. "म्हणजे पाण्यात उभं राहायला पैसे नाहीत, बसायला आहेत," ती म्हणाली. तेवढ्यात नवऱ्यानं तिथल्या हॉटेलात जेवायला बसलं की बिलात माणशी दीड-दोन युरो 'कोपेर्तो' म्हणून लावतात, हेही सांगून टाकलं, आणि इटली हा देश माणसाला बसू देत नाही असं आईचं मत झालं. कॉफी तर ते उभ्यानंच पितात, हे मी सांगितलं नाही.

आई समुद्रात साडीनंच उतरणार. गणपतीपुळ्याला उतरते तशी. निऱ्या वर खोचून, चपला हातात घेऊन, लाट आली की दोन पावलं मागे. आजूबाजूला सगळे पोहण्याच्या कपड्यांत असतील, हे तिला माहीत आहे. "ते मला बघतील, मी त्यांना बघीन," असं तिचं धोरण आहे. माझी अडचण वेगळी. सकाळी चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, दुपारी समुद्र, संध्याकाळी पुन्हा चर्च. तिघांत एकटी आई दिवसभर एकाच कपड्यांत सगळीकडे चालणार आहे. मी एक मोठी ओढणी घेतेय.

पिवळ्या सकाळींमध्ये काय घालायचं, हे मला ठरवावं लागलं नाही. ८३१ ते १०७२ पालेर्मो अरबांकडे होतं, मग नॉर्मनांनी घेतलं, आणि त्यांनी एक शहाणपणा केला: आधीच्यांचे कारागीर हाकलले नाहीत. त्यांचा दुसरा रॉजर ११३० मध्ये राजा झाला. त्याच्या राजवाड्यातल्या कापेल्ला पालातिना या चर्चच्या भिंतींवर बायझंटाइन कारागिरांची सोनेरी मोझेइक आहेत, आणि वर लाकडी छत अरब पद्धतीचं, कोनाड्यात कोनाडे कोरलेलं, कुफी लिपीतल्या आशीर्वचनांसकट. ख्रिस्ताच्या डोक्यावर अरबी अक्षरं. आज कोणी असं बांधू म्हटलं तर आधी समिती नेमावी लागेल. याच राजवाड्यात सिसिलीची विधानसभाही भरते, त्यामुळे कामकाजाच्या दिवशी काही दालनं बंद असतात, आणि चर्च रविवारी सकाळी प्रार्थनेचं. म्हणजे शुक्रवार किंवा शनिवार गाठायचा. युनेस्कोनं २०१५ मध्ये पालेर्मोतल्या या वास्तूंबरोबर मोनरेआले आणि चेफालूची कॅथेड्रलंही यादीत घेतली. चेफालूला रेल्वे तासाभरात नेते, गाव आणि वाळू तिथे एकमेकांना खेटूनच आहेत. पण आमच्या आडव्या रंगांत ते बसत नव्हतं. पुन्हा एकदा खोडणं.

खाण्याचा अभ्यास आईसाठी केला. ती मांस-मासे खात नाही. केकमधलं अंडं तिला दिसत नाही. पालेर्मोत रस्त्यावर खाणं ही मोठी कला आहे आणि शाकाहाऱ्यानं तिथे डोळे उघडे ठेवून हिंडावं. 'लोण्याची' म्हणून मिळणाऱ्या आरान्चिनात, म्हणजे भाताच्या तळलेल्या गोळ्यात, बहुतेक वेळा हॅम असतो. स्फिंचोने नावाच्या जाड, फुगीर पावावर टोमॅटो-कांद्याच्या आड चक्क अँकोव्ही मासा लपलेला असतो. प्लीहा भरलेला पाव तर नवऱ्याच्या वाट्याचा. पण पानेल्ले! हरभऱ्याचं पीठ पाण्यात शिजवून घट्ट करायचं, वरून पार्स्ली, पातळ थापायचं, थंड झालं की तुकडे करून तळायचे, आणि तिळाच्या पावात घालून वर लिंबू पिळायचं. मी वाचून दाखवत होते, आईनं मधेच थांबवलं. "पाटवडी आहे ती. तळलेली." शिवाय वांग्याची आंबटगोड कापोनाता आहे, आणि कलिंगडाच्या रसाचा जाईच्या सुगंधाचा जेलो आहे. आईची उपासमार टळली. तिनं तरी मेतकूट घेतलंच आहे.

एक गोष्ट तक्त्यात कुठल्याच रंगात बसली नाही. पालेर्मोच्या विमानतळाला फाल्कोने आणि बोर्सेल्लीनो यांची नावं आहेत. माफियांविरुद्धचे खटले उभे करणारे हे दोन न्यायाधिकारी. विमानतळाहून शहरात येणारी बस ज्या महामार्गानं येते, त्याच रस्त्यावर कापाची गावाजवळ २३ मे १९९२ रोजी स्फोट घडवून जोव्हान्नी फाल्कोने, त्यांची पत्नी आणि तीन अंगरक्षक यांना मारलं. पाओलो बोर्सेल्लीनोंना त्याच वर्षी १९ जुलैला, शहरात. कापाचीला रस्त्याच्या कडेला स्मारकाचे स्तंभ आहेत, धावत्या बसमधून दिसतात. म्हणजे सुट्टीवर आलेला प्रत्येक माणूस, छत्रीचं भाडं किती असेल याचा विचार करत, आधी तिथून जातो. हे वाचल्यावर गॉडफादरच्या चित्राचे टी-शर्ट आणि फ्रीजवर चिकटवायचे बंदूकवाले माफियोसे यांच्याकडे मला गमतीनं बघता येईना. त्याऐवजी २००४ पासून तिथे 'अद्दियोपित्सो' नावाची चळवळ आहे. खंडणी न देणारे दुकानदार तिची पट्टी दारावर लावतात. खरेदी, झालीच तर, तशा दुकानातून. नवऱ्याला भाड्याची गाडीही हवी होती. जुन्या शहरात परवान्याशिवाय शिरलं की कॅमेरा टिपतो आणि दंडाची चिठ्ठी महिन्यांनंतर घरी येते, एवढं त्याला पुरलं.

आता फक्त रविवारची संध्याकाळ रिकामी आहे. नवऱ्याला कापुचिन भिक्षूंच्या मठाच्या तळघरातल्या ममी बघायच्या आहेत, कपडे घालून भिंतीला उभ्या केलेल्या हजारो माणसांच्या. माझा कल मोनरेआलेकडे, पण माझ्या पदरात बऱ्याच सकाळी पडल्या आहेत, तेव्हा मी गप्प. आईनं मात्र स्वतःचा अभ्यास केलेला निघाला. पालेर्मोची ग्रामदेवता म्हणावी अशी एक संत आहे, रोझालिया. पेल्लेग्रिनो डोंगरावरच्या गुहेत राहिलेली. १६२४ च्या प्लेगात तिच्या अस्थी सापडल्या, त्यांची मिरवणूक निघाली आणि साथ हटली, अशी श्रद्धा आहे. तिचा दिवस ४ सप्टेंबर, आणि त्याच्या आदल्या रात्रीपासून माणसं डोंगर चढतात, काही अनवाणी. आम्ही पोचू तेव्हा गर्दी जेमतेम उतरलेली असेल.

"ममी तुम्ही दोघं बघा," आई जावयाला म्हणाली. "मला त्या बाईची गुहा दाखवा. आणि वर जायला बस आहे का, ते तेवढं बघून ठेवा."

आहे. ८१२ नंबरची.