एमजीबीचं आयडलिंग आणि ते दोन पितळी स्क्रू

माझी एमजीबी म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. तिच्या १७९८ सीसी इंजिनाचं ऑइल, प्लग, पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे इग्निशनचे संपर्क) एका रविवारी झालं. पुढचे तीन आठवडे गेले ते आयडलिंगमध्ये, म्हणजे पाय न लावता इंजिन संथ चालू ठेवण्यात. इंजिन उगाच चढायचं, मग बंद पडायच्या बेताला यायचं. दोन्ही एसयू कार्ब्युरेटरचं मिक्श्चर, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण, रात्री जुळवावं, तर सकाळी पुन्हा तेच.

शेवटी इंजिन चालू ठेवून थ्रॉटलच्या (हवेच्या झडपेच्या) स्पिंडलच्या, म्हणजे दांड्याच्या, टोकांना ब्रशने पातळ ऑइल लावलं. मागच्या कार्ब्युरेटरला लावताच आवाज बदलला. स्पिंडल झिजलेला, तिथून हवा आत जात होती. अशी हवा असेल तर मिक्श्चर कितीही फिरवा, जुळत नाही. (क्लीनरचा फवारा मारू नका, या इंजिनात एक्झॉस्ट कार्ब्युरेटरच्याच बाजूला, खाली असतो.)

"स्पिंडल बदल, सोपं काम आहे," असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांच्यावर माझा अजून राग आहे. स्पिंडल काढायला आधी त्यातली गोल चकती काढावी लागते. ती दोन बारीक पितळी स्क्रूंवर असते. सैल होऊन इंजिनात जाऊ नयेत म्हणून त्यांची टोकं मध्ये चिरून फाकवलेली असतात. हे कुणीही बोललं नाही. मी पेचकस लावला, स्क्रू अर्धा आटा फिरला आणि अडकला. जोर लावला तर खाच गेली. तो ड्रिलने काढण्यात दोन संध्याकाळी गेल्या, कार्ब्युरेटरच्या भिंतीला ओरखडा जाईल या भीतीने श्वास रोखून. दुसऱ्या स्क्रूची फाकलेली टोकं आधी बारीक कानशीने घासून सपाट केली. तो मुकाट सुटला.

कार्ब्युरेटर गाडीवरून उतरवूनच हे करा. स्क्रू नवेच घ्या. बसवताना ते सैल ठेवून थ्रॉटल पूर्ण बंद करा, चकती आपोआप मध्यावर बसते, मग आवळा. उजेडासमोर धरून बघा, एका बाजूला चंद्रकोर दिसली तर पुन्हा सैल करा. शेवटी स्पिंडलला खालून आधार देऊन टोकं फाकवा. हे विसरून चालणार नाही.

आणि हो, कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट. थंड इंजिनावर ०.०१५ इंच, पॉइंटचा गॅपही तेवढाच. फिलर गेजचं (फट मोजायच्या पात्यांच्या जुडग्यातलं) एकच पातं दोन्हीकडे चालतं. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिला जुळवायचा, सातवा उघडा असताना दुसरा. दोन्ही व्हॉल्व्हच्या क्रमांकांची बेरीज कायम नऊ.

मिक्श्चर तपासायला कार्ब्युरेटरमधला पिस्टन (इंजिनातला नव्हे) जेमतेम मिलिमीटरभर उचला. वेग वाढून तसाच राहिला तर दाट, इंजिन मरायला लागलं तर पातळ. किंचित वाढून जागेवर आला तर बरोबर. काल माझ्या इंजिनाचा वेग तसाच किंचित वाढला आणि जागेवर आला. दोन्ही कार्ब्युरेटरवर. आज सकाळी थंड इंजिन चालू केलं, गरम होऊ दिलं, पुन्हा उचलून पाहिलं. तसंच.