किटी कोणाच्या वतीने बोलते?

‘तुमच्या अंगावर कोड आहे, भेदभावाबद्दल तुम्ही बोलता-लिहिता, मग एक्स-मेन ही आपल्यासारख्यांची गोष्ट आहे असे पूर्वी ठासून सांगणाऱ्या तुम्ही आता त्याविषयी गप्प का?’ हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे की विचारणाऱ्याने तोंड उघडण्याआधीच मला तो ऐकू येतो. एक्स-मेन ही अमेरिकन कॉमिक्समधली म्युटंटांची, म्हणजे जन्मजात वेगळ्या शक्ती वा रूपामुळे समाज ज्यांना भितो आणि छळतो अशा माणसांची गोष्ट. कॉमिक्सचा कंटाळा आला, असे सांगून मी आजवर वेळ मारून नेली. ते खरे नव्हते.

बाराव्या वर्षी माझ्या कोपरावर पहिला डाग दिसला आणि वर्षभरात ओठांभोवती पांढरे पसरले. आईने बावचीचे तेल लावून मला सकाळच्या उन्हात बसवले, शेजारणींनी दूध आणि मासे एकत्र खाल्ले होते का अशी चौकशी केली, आणि लग्नकार्याला जाताना मामीने चेहऱ्यावर क्रीम थापायला शिकवले. त्याच सुमारास फोर्टातल्या फुटपाथवर, जुन्या पुस्तकांच्या ढिगात, मला ‘गॉड लव्ह्ज, मॅन किल्स’ हे एक्स-मेनचे चित्रपुस्तक सापडले. ख्रिस क्लेअरमाँटने लिहिलेले आणि ब्रेंट अँडरसनने चितारलेले हे पुस्तक १९८२ सालचे. त्यातला नाइटक्रॉलर, म्हणजे कर्ट वॅग्नर, निळ्या कातडीचा, पिवळ्या डोळ्यांचा, शेपटीवाला. लोकांत वावरता यावे म्हणून तो एका यंत्राच्या साहाय्याने माणसाचे रूप घेत असे, आणि हौशीने एरॉल फ्लिन या नटाचे रूप निवडत असे. क्रीमच्या ट्यूबचा तो वापर मला न समजावता समजला होता. पुस्तकाच्या अखेरीस मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या सभेत म्युटंटांचा द्वेष करणारा धर्मोपदेशक स्ट्रायकर कर्टकडे बोट दाखवून ‘याला माणूस म्हणता?’ असे विचारतो, तेव्हा एक्स-मेनमधली किटी प्राइड ही कोवळी मुलगी सर्वांसमोर कर्टची बाजू घेते. ते पान मी किती वेळा वाचले असेल याची गणती नाही.

म्युटंट म्हणजे आपल्यासारखे छळले जाणारे लोक, या रूपकातली खोट मला ठाऊक नव्हती असे नाही. १९६३ साली स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी छळल्या जाणाऱ्यांची ही गोष्ट सुरू केली तेव्हा तिच्यातले पाचही म्युटंट विद्यार्थी गोरे होते. १९७५ साली काळी स्टॉर्म, जपानी सनफायर आणि थंडरबर्ड आले, पण अपाची या अमेरिकेतल्या आदिवासी जमातीतला थंडरबर्ड त्याच वर्षी मरूनही गेला. शिवाय सायक्लॉप्स या म्युटंटाच्या नजरेने भिंत कोसळते, तेव्हा त्याची भीती वाटणाऱ्याला निव्वळ मूर्ख ठरवता येत नाही. माझ्या डागांनी आजवर कोणाचे काहीही बिघडलेले नाही. हे सारे मी व्याख्यानांत सांगत असे आणि शेवटी ‘तरीही’ म्हणून पुस्तकाची बाजू घेत असे. त्या ‘तरीही’चे काय झाले, ते सांगते.

मी ज्या शाळेत शिकवीत होते तिथल्या शिक्षक-खोलीत एक बाई माझ्या डब्यातले काही घेत नसत. एके दिवशी त्यांनी ते हसत हसत बोलूनही दाखवले. माझ्या शेजारी बसलेली मैत्रीण हळूच म्हणाली, ‘सोड ना, बोलतात लोक.’ मी उसळून, खोलीत सात-आठ जण असताना, तिला म्हणाले, ‘तुझ्या जातीवरून बोलल्या असत्या तर अशीच सोडून दिली असतीस का?’ तिची जात त्या खोलीत तोवर कोणी उच्चारली नव्हती. तिने डबा बंद केला आणि तासाला निघून गेली.

चार दिवसांनी समेट म्हणून मी तिला हेच पुस्तक दिले. मला काय सोसावे लागते ते तिला कळावे, असाच माझा हेतू होता. तिने काय सोसले हे विचारण्याचे मला सुचलेसुद्धा नव्हते. आठवड्याने तिने ते परत आणले आणि पहिली पाने उघडली. दोन लहान मुलांना ठार मारून शाळेच्या झोपाळ्याला टांगलेले आहे.

‘ही पोरं काळी आहेत ना?’

‘हो.’

‘आणि मारली कशासाठी?’

‘म्युटंट आहेत म्हणून.’

‘म्हणजे मरायला आमची पोरं, आणि कारण मात्र भलतंच.’

मग तिने आणखी एक पान उघडले. एका मुलाने म्युटंटांवरून हिणवल्यामुळे किटी मारामारी करून आली आहे; तिची काळी नृत्यशिक्षिका स्टीव्ही तिला समजावते की ते नुसते शब्द आहेत, आणि किटी तिच्या तोंडावर काळ्यांसाठीची ती शिवी उच्चारून विचारते, की तो हे म्हणाला असता तरी तू इतकी समजूतदार राहिली असतीस का? मैत्रिणीने त्या चौकटीवर बोट ठेवले आणि काहीही न बोलता माझ्याकडे पाहिले. ते पान मी शेकडो वेळा वाचले होते आणि स्टाफरूममध्ये माझ्या तोंडून कोणाचे वाक्य निघाले हे मला तोवर उमगले नव्हते.

किटी ज्यू आहे. द्वेष म्हणजे काय हे तिला कोणी शिकवायला नको. लेखकाचा राग खरा आहे आणि तो स्टीव्हीवर नाही. हा बचाव मी त्या दिवशीही केला आणि आजही तो मला खोटा वाटत नाही. परंतु माझी जखम किती खोल आहे हे दाखवण्यासाठी मी मैत्रिणीची जखम उघडी केली, तीही तिला न विचारता, आणि मला कोड असले तरी माझे आडनाव सांगून मला भाड्याची खोली मिळते, तिला मिळाली नव्हती. दुसरीकडे, आज कोणी मला म्हणाले की ते पुस्तक फेकून दे, तर चौदा वर्षांची, क्रीम थापलेली मुलगी मध्ये येते आणि म्हणते, माझ्या बाजूने दुसरे कोण बोलले होते? तिला माझ्याकडे उत्तर नाही. गंमत अशी, की तिच्यासाठी सभेत बोलणारी आणि स्टीव्हीला गप्प करू पाहणारी मुलगी एकच आहे.

मैत्रीण अजून माझ्याशी बोलते, त्या विषयावर नाही. मागच्या महिन्यात कोड फुटलेल्या एका मुलीच्या आईने माझ्याकडे हेच पुस्तक मागितले. मी दिले, आणि सुरुवातीची पाने मुलीआधी तुम्ही वाचा असे सांगितले. त्यांनी कारण विचारले, तेव्हा ती पाने फार हिंसक आहेत एवढेच मी म्हणाले.